किल्ल्यावरनं मागितलेली वाट

सन दोन हजार चोवीस. मला चौऱ्याहत्तर पुरी होऊन पंच्याहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात माझ्या मुलानं मला पडक्या भिंती बघायला नेलं.

नेलं म्हणतो, कारण मी गेलो नाही. आपल्या पायानं माणूस देवाला जातो, बाजाराला जातो, मयताला जातो. मोडकं बघायला कोण जातं? आमच्या गावची जुनी चावडी बसली, तिच्यात बाभळी उगवल्या, तिथं गावातली माणसं आडोशाला जातात. ती बघायला पुण्याची गाडी आलेली मला आठवत नाही. पण तसंच मोडकं डोंगरावर असलं किंवा पाण्यात असलं, की त्याला तिकीट लागतं आणि बघायला टोपी घालून जावं लागतं.

मुलगा फौजेतनं सुभेदार होऊन आला. फौजेनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या, पहाटे उठायचं आणि दुसऱ्याला उठवायचं. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, पुण्यात इतिहास शिकते. झालं गेलं ते पैसे देऊन शिकायचं, हे माझ्या डोक्यात अजून बसलेलं नाही. आणि माझ्या बायकोनं सगळा जन्म कृष्णाकाठी काढून कधी समुद्र बघितला नव्हता. ह्या तिघांनी मिळून बेत केला. पहिल्या दिवशी कराडजवळची आगाशिवची लेणी, तिथनं पाटणवरनं घाट उतरून कोकण, दुसऱ्या दिवशी हर्णैचा पाण्यातला किल्ला, तिसऱ्या दिवशी आणि कुठलातरी किल्ला. सून मधल्यामध्ये डबे भरायला लागली. मला विचारलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही विचारलं नाही, सांगितलं.

"तात्या, तीन दिवस. तुमी फकस्त गाडीत बसायचं."

"आन् माझा ऊस?"

"ऊस काय पळून चाललाय व्हय?" हे माझी बायको म्हणाली.

ऊस पळत नाही, पण वाळतो. पलूस तालुक्यात माझी नदीकाठची मळीची जमीन आहे, त्यात दीड वर्षाची आडसाली लागण होती, आणि तिला तुरे आले होते. तुरा आलेला ऊस लांबनं लय देखणा दिसतो. शहरातली माणसं गाडी थांबवून त्याच्यापुढं फोटो काढतात. आम्ही कारखान्याकडं धावतो. तुरा आला म्हणजे ऊस आतनं पोकळ पडायला लागला, वजन उतरायला लागलं. अशा वेळी तोड मिळाली पाहिजे. तोडीची टोळी बीडकडनं आलेली असते, ती कुणाच्या रानात कवा शिरायची हे कारखान्याचा चिटबॉय सांगतो. नावाला बॉय. आमच्या चिटबॉयच्या मिशा पिकल्यात आणि त्याला जावई आलाय. पण सीझनमध्ये त्याच्यापुढं भलेभले वाकतात. एकदा पाळी चुकली की टोळी खालच्या शिवारात जाते, आणि मग ती परत कवा येईल ते त्या टोळीलासुद्धा माहीत नसतं.

त्यामुळं चिटबॉयला "मी परगावी चाललोय" असं सांगणारा माणूस आमच्याकडं जन्मलेला नाही. सांगितलं की नंबर मागं सरकला. ज्याचा ऊस उभा आहे तो दवाखान्यात सलाईन लावून पडलेला असला तरी फोनवर म्हणतो, "फडातच हाय, या तुमी." मीही तेच सांगितलं होतं. आणि गावात सांगितलं, दातासाठी मिरजेला चाललोय. किल्ले बघायला चाललोय म्हणून सांगितलं असतं तर पारावर माझी वर्षभर करमणूक केली असती.

आता वाटेचं सांगतो, कारण सगळं त्या वाटेवर अडलं. माझ्या रानातनं रस्त्याला यायला दोन वाटा. एक ओढ्यातनं. ती मागल्या पुरात खचली. तिथं दगड आणि पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, टाकून, मी स्वतः पुढं उभा राहून ट्रॅक्टर काढणार होतो. मी उभा असलो तर ड्रायव्हर घालतो, कारण मी शिव्या देतो. दुसरी वाट माझ्या चुलतभावाच्या रानातनं. ती चांगली, सरळ, रस्त्याला लागून. पण चुलतभावाशी माझं बोलणं बंद होतं. माझ्या मुलाच्या लग्नात त्याला फेटा बांधायचा राहिला. फेटे संपले होते. संपले म्हणजे संपले, मी काय धोतर फाडून बांधू? पण तो भर मांडवातनं उठला, घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं वाटेवर काटेरी तार ओढली. त्यानंतर सुभेदाराला मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, तरी तार होती तिथंच. आता त्या वाटेवर तो हरभरा पेरतो. माझ्या नाकावर टिच्चून पेरतो.

तर असा ऊस आणि अशी वाट मागं टाकून मी गाडीत बसलो.

आगाशिव मी लहानपणापासून लांबनं बघत आलोय. कराडला जाताना दिसणारा डोंगर. त्याच्यावर भोकं आहेत एवढं माहीत होतं. जवळनं बघितल्यावरही भोकंच आहेत. पायऱ्या चढून चढून छाती फुटायची वेळ आली, आणि वर काय, तर दगडात कोरलेल्या खोल्या. खोलीत दगडाचा कट्टा. पुढच्या खोलीत आणिक एक कट्टा. नात डोळे मोठे करून सांगत होती, आणि तिच्या फोनमध्येही तेच लिहिलेलं होतं.

"आजोबा, दोन हजार वर्षं झाली ह्या खोल्यांना."

"व्हय? मग अजून दारं बसवली न्हाईत?"

"भिक्षू राहायचे इथं. पावसाळ्यात चार महिने एका जागी थांबायचे."

"चार महिने बसून खायचे म्हण की."

"ध्यान करायचे, आजोबा."

"तेच म्हणतोय मी."

ती हसली. तिला माझ्या बोलण्याचा राग येत नाही, हा तिच्यातला एक गुण. सुभेदाराला येतो. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तात्या, जरा बघा तरी. हातानं खोदलंय सगळं. छिन्नी-हातोड्यानं."

"माझी विहीरबी हातानंच खोदलीया. तिला पाणी लागलं."

इथंही पाणी आहे, असं नातीनं दाखवलं. टाकं होतं. त्यात हिरवं शेवाळ आणि तरंगणाऱ्या कुरकुऱ्यांच्या पिशव्या. भिंतींवर पोरापोरींनी ऑइलपेंटनं नावं काढलेली, बदाम काढलेले, बदामातनं बाण. दोन हजार वर्षांनी ज्याला त्या खोल्यांचा खरा उपयोग कळला तो हा बाणवाला. मी एका कट्ट्यावर बसलो आणि चिटबॉयला फोन लावला. तो म्हणाला, "अजून चार दिस तरी न्हाई. पर फडातच ऱ्हावा." मी म्हटलं, "फडातच हाय." समोर नात होती. तिनं ऐकलं आणि आपला फोन पिशवीत टाकला. इतिहास शिकणारीला एवढं तरी कळतं, की सगळं लगेच लिहून ठेवायचं नसतं.

पाटण गेलं, कोयना गेली, घाट आला. घाटात सुनेनं दोनदा ओकारी केली आणि सुभेदारानं दोन्ही वेळा गाडी बरोब्बर "सीनिक पॉइंट" असा बोर्ड असलेल्या जागी उभी केली. खाली उतरलो तर माती तांबडी. झाडं आंब्याची आणि काजूची. मी विचारलं ह्यांना पाणी कवा देतात, तर चहावाला म्हणाला, देत नाही, आपलं आपण येतं. आपलं आपण येणाऱ्या पिकाला मी शेती म्हणत नाही. रानात राबल्याशिवाय आंबा खाणाऱ्या माणसाच्या तोंडावर जो शांतपणा असतो तो त्या चहावाल्याच्या तोंडावर होता, आणि मला तो बघवला नाही.

संध्याकाळी समुद्र दिसला. बायको रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हात जोडले. मी बघितलं. एवढं पाणी, आणि एक सरी भिजवायच्या कामाचं नाही. आमच्याकडं पाण्याच्या पाळीवरनं डोकी फुटतात, आणि इथं ते रिकामटेकडं नुसतं पुढं येतंय, मागं जातंय. तसं मी बोललोसुद्धा. बायको म्हणाली, "आवं, जरा गप ऱ्हावा. आयुष्यात एकदा गप ऱ्हावा." मग मी गप्प राहिलो. तिच्यासाठी राहिलो, समुद्रासाठी नाही.

जेवायला मासा. माशात काटे. काटे काढत जेवायचं म्हणजे जेवण आहे का कुळव हाणणं? भाकरी मागितली तर तांदळाची आणली, पांढरी, कागदासारखी. ताटात एका वाटीत गुलाबी पाणी होतं. ते मी हात धुवायचं समजून बाजूला सारलं, तर सून हळूच म्हणाली, "मामा, ते प्यायचं असतं." मी म्हटलं, "मग रंग कशाला घातला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला.

हर्णैला बंदरावर मासळीचा वास असा की नाक आपसूक धोतराच्या सोग्यात जातं. तिथनं मोटारीची होडी. होडीवाल्यानं सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली. मी घालणार नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग मी नेणार नाही, आजोबा." असा माणूस मला पटतो खरा, पण त्या घडीला नाही पटला. घातलं. नातीनं लगेच फोटो काढला. त्या फोटोत मी बांधून आणलेल्या बोकडासारखा दिसतो.

किल्ला बेटावर आहे. चारी बाजूंनी काळी भिंत, मधे दार, आणि दारासमोर धक्का नाही. होडी वाळूला लागते, आपण गुडघाभर पाण्यात उतरायचं. मी धोतर वर धरून उतरत होतो, एक पाय होडीत आणि एक पाय दर्यात, आणि कोपरीच्या खिशात फोन वाजला. साधा बटणाचा फोन, पण आवाज असा की होडीतली सगळी वळली.

चिटबॉय. "…टोळी आली… दुसऱ्याचा फड बिघाडला म्हून तुमचा आधी… ट्रॅक्टर रस्त्याला… वाट कुठनं…"

तुटला. परत लावला, लागेना. परत लावला, एक बाई हिंदीत कायतरी सांगायला लागली.

मी पाण्यात उभा राहून म्हणालो, "होडी माघारी फिरवा."

होडीवाला म्हणाला, "आजोबा, सगळ्यांचं बघून झाल्याशिवाय नाही फिरत. त्या लोकांनी पण पैसे दिलेत."

सुभेदार म्हणाला, "तात्या, संध्याकाळी बघू. एका दिवसानं काय हुतंय?"

मी त्याच्याकडं बघितलं. माझ्याच रानातल्या उसावर वाढला, त्यावर शिकला, फौजेत गेला. आणि म्हणतो, एका दिवसानं काय हुतंय. त्याची चूक नाही. तो पगारावर राहिला. पगार तुऱ्याला येत नाही.

दाराच्या उंबऱ्यापाशी दगडात एक कासव कोरलेलं आहे. माणसं रांगेनं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. आत दोन्ही बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या. एका देवडीत मी बसलो. आधीच ठरवलं होतं, इथं बसायचं, आत जायचं नाही, दगड बघायला दगडावर चढायचं नाही. पण आता हातात मुका फोन होता. बायको आणि सून वाळूत शंख गोळा करत होत्या. सुभेदार भिंतीची जाडी वितीनं मोजत होता. तेवढ्यात नात पळत आली.

"आजोबा, होडीवाले काका म्हणाले, पलीकडच्या बुरजावर रेंज येते."

"कुठला बुरूज?"

तिनं दाखवला. मोडका, निम्मा ढासळलेला, करवंदीच्या जाळीतनं वाट.

चढलो. काय करणार? जाळीनं धोतर फाडलं, कोपराला ओरखडे आले, एका पायरीवर पाय घसरला आणि गुडघ्यातनं कट्ट् असा आवाज आला. नातीनं हात पुढं केला, तो मी धरला नाही. वर पोचलो. चहुबाजूंनी पाणी, वारा असा की टोपी धरून बोलावं लागे. फोन लागला.

"आवं कुठं हायसा?" चिटबॉय ओरडला. "गावात म्हणत्यात दात काढाय गेलाय. बत्तीस काढाय बसलाय काय?"

"येतोय. वाटंत हाय."

"वाटंत कुठं? आवं, टोळी बायकापोरांसकट रस्त्याला बसलीय. ड्रायव्हर ओढ्यात चाक घालत न्हाई म्हणतोय. मालक न्हाई, वाट न्हाई, मी काय करू? चहा हुस्तवर थांबतो. मग खालच्या शिवारात घालतो. मला बोल लावू नका."

"आरं जरा…"

"चहा हुस्तवर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

टोळीचा चहा म्हणजे तीन दगड, एक पातेलं, वाळलेलं पाचट. त्याला कितीसा वेळ लागतो! मी पाण्याकडं बघत उभा राहिलो. पोहत जाऊ म्हटलं तरी कृष्णेत पोहणारा माणूस मी, ह्या खारट पाण्यात कुठनं पोचणार. आणि पोचलो तरी मधे घाट.

"आजोबा," नात म्हणाली, "धाकट्या आजोबांच्या रानातनं ट्रॅक्टर जाईल ना?"

"जाईल. पर जाणार न्हाई."

"लावू का त्यांना फोन?"

"त्याचा नंबर तुझ्याकडं कसा?"

"त्यांच्या नातीनं दिला. तिचा आणि माझा मेसेज असतो की."

"कवा?"

"रोज."

रोज! म्हणजे मी तारेच्या अलीकडं मान ताठ धरून इतकी वर्षं काढली, आणि माझ्याच घरात बसून रोज सुलूख चालला होता. मी तिला काही बोलणार होतो, पण तिनं लावलासुद्धा, आणि फोन माझ्या कानाला लावला.

"कोण?" त्याचाच आवाज. म्हातारा झाला होता आवाज.

"मी."

"मी कोण?"

ओळखलं होतं त्यानं. त्याच्या बापालाही अशीच खोड होती, दारात आलेल्या माणसाला ओळखून नाव विचारायची.

"तुझा थोरला."

"असं व्हय? मला वाटलं थोरला मुका झालाय. कुठनं बोलताय? कसला आवाज येतोय?"

"वाऱ्याचा."

"मिरजंत एवढा वारा सुटलाय?"

खोटं बोलायचं जिभेवर आलं होतं. पण नात शेजारी उभी होती आणि ती रोज मेसेज करते. तिनं कालच सांगितलेलं असणार.

"दर्यात हाय. किल्ल्यावर."

"कुठं?" तो म्हणाला. मग हसू. आधी नाकातनं, मग तोंड भरून, मग खोकला लागेपर्यंत. "किल्ल्यावर? तुमी? पडक्या भिंती बघाय? आगं ए, हिकडं ये, ऐक, आपला थोरला किल्ल्यावर गेलाय!" हे त्यानं त्याच्या बायकोला ओरडून सांगितलं. मी ऐकत होतो. रस्त्याला टोळी चहा पीत होती आणि मी त्याचं हसणं ऐकत होतो.

"झालं हसून?" मी म्हणालो.

"बोला, किल्लेदार."

"ट्रॅक्टर रस्त्याला उभा हाय. तुझ्या रानातनं घाल."

"हे मागताय का हुकूम सोडताय?"

मी वाऱ्यात टोपी घट्ट धरली.

"न्हाई, इचारतोय. त्या दिशी तुमच्याकडं फेटे संपलं हुतं. आज माझ्याकडं वाट संपलीय. हरभरा हाय तिथं. घाट्याला आलेला."

त्याच्या हरभऱ्याला दाणे भरलेले घाटे लागले होते आणि माझ्या उसाला तुरा. फोन कानाशी धरून मी समुद्राकडं पाठ केली, कारण नात तोंडाकडं बघत होती.

"मागतोय," मी म्हणालो.

"आं? वारा लय हाय तिकडं. ऐकू आलं न्हाई."

ऐकू आलं होतं त्याला.

"मागतोय! वाट मागतोय!" एवढ्या मोठ्यानं बोललो की खाली कासवापाशी फोटो काढणारी माणसं वर बघायला लागली. त्यांतल्या एकानं माझाच फोटो काढला. त्याला वाटलं असेल, म्हातारा किल्ल्यावर घोषणा देतोय.

पलीकडं तो खाकरला. मग तो म्हणाला, "बघतो," आणि ठेवला.

बघतो. देतो नाही, देत नाही असंही नाही. आमच्या भावकीत "बघतो" ह्या शब्दाला काहीही अर्थ असतो. चिटबॉयला परत लावला तर त्याचा फोन बंद. नात म्हणाली, परत लावू का धाकट्या आजोबांना? मी म्हटलं, न्हाई. एकदा मागितलं, आता दुसऱ्यांदा मागणार नाही, ऊस जळून गेला तरी बेहत्तर.

उतरताना मात्र मी तिचा हात धरला. गुडघा सुजायला लागला होता.

वाळूवर येऊन मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता घरी. सुभेदारानं तोंड वाईट केलं. "तात्या, उद्याच्या हॉटेलचं बुकिंग हाय. आन् तिथला किल्ला ह्याच्यापरीस मोठा हाय."

"मोठा म्हंजी जास्त पडलेला. तुमी बघा. मी गाडी बदलत बदलत जातो."

"ह्या पायानं?"

"हाच पाय हाय माझ्याकडं."

सून म्हणाली, मामांच्या गुडघ्याला आधी मलम लावू. सुभेदार म्हणाला, आधी प्लॅन ठरवू. फौजेतल्या माणसाचा प्लॅन मोडला की तो लहान पोरासारखा होतो. शेवटी बायको उठली. तिच्या पदरात शंख होते आणि हातात बाटलीत भरून घेतलेलं समुद्राचं पाणी. तिनं शंख वाळूत सोडले, पदर झटकून खोचला आणि म्हणाली, "चला रं. माझा समुद्र बघून झाला." मग सगळी होडीकडं निघाली. आमच्या घरात सुभेदाराच्या वर ती एकच हुद्दा आहे.

परतीच्या वाटेवर मी फोन मांडीवर ठेवून बसलो. तो वाजला नाही. घाटात सुनेनं परत ओकारी केली, ह्या वेळी बोर्ड नसलेल्या जागी. पाटणला चहाला थांबलो, मी उतरलो नाही. नात आपल्या फोनवर सारखी बोटं फिरवत होती. तिला एक शब्द विचारला असता तर सगळं कळलं असतं, कारण तिकडची नात तिला लिहीतच असणार. मी विचारलं नाही. तिनं एकदा, "आजोबा, सांगू का?" असं म्हटलं. मी म्हटलं, "न्हाई. माझं रान मी माझ्या डोळ्यांनी बघीन." कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस लागला. कुणाचा तोडलेला, कुणाचा उभा. तोडलेलं रान दिसलं की मला त्या मालकाचा राग यायचा, उभा दिसला की त्याचाही.

घरी पोचलो तवा दिवस मावळला होता. गाडीतनं उतरलो तर गुडघा वाकेना. मुलानं आणि सुनेनं धरून पायऱ्या चढवल्या. रानाकडं जायचं म्हणालो तर बायकोनं बॅटरी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या सुमाराला मी काठी घेतली, सगळी झोपेत असतानाच बाहेर पडलो आणि रान गाठलं. सुभेदार पहिल्यांदाच माझ्यामागनं उठला असेल.

ऊस पडत होता. निम्मा फड मोकळा झाला होता. टोळीतल्या बायका मोळ्या बांधत होत्या, कडेला वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ढीग पडला होता, मुकादम बांधावर बसून दात घासत होता. तार एका बाजूला गुंडाळून ठेवलेली. आणि तिथनं रस्त्यापर्यंत हरभऱ्यातनं दोन चाकोऱ्या. घाट्यांसकट हरभरा मातीत दाबला गेला होता, हिरवा वास सुटला होता. ट्रॉलीनं वळण घेताना आणखीही गेला होता.

चुलतभाऊ लिंबाखाली घोंगडं पांघरून बसला होता. रात्रभर तिथंच असावा. जवळ टोळीच्या चुलीवरचं पातेलं, त्याच्या हातात त्यांचाच कप.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. चाकोऱ्यांकडं बघितलं.

"वाकडी काढलीस," मी म्हणालो. "बांधाला धरून काढली असतीस तर निम्मा हरभरा वाचला असता."

"सरळ काढाय मालक हजर लागतोय," तो म्हणाला. "मालक गड चढाय गेलं हुतं." मग माझ्या पायाकडं बघून, "लंगडताय का? कुणी तोफ डागली?"

मी काठी दुसऱ्या हातात घेतली. आभार मानायची आमच्याकडं रीत नाही, आणि असती तरी त्याच्यापुढं ती मी पाळली नसती. त्या माणसानं माझ्याकडनं भर समुद्रात ते दोनदा वदवून घेतलं होतं. ते मी आजही विसरलेलो नाही, आणि त्यानंही विसरू नये.

तेवढ्यात ट्रॉली भरली. ड्रायव्हर नवखा होता, त्यानं गाडी चालू केली आणि चाक चाकोरीच्या बाहेर, उभ्या हरभऱ्याकडं वळवायला लागला. मी काठी उगारली. "ए शहाण्या! थांबीव!" त्याच्या बापाचा उद्धार केला, आईचाही केला. मग मी ट्रॅक्टरच्या पुढं झालो, तोंड ट्रॅक्टरकडं, पाठ रस्त्याकडं, आणि काठीनं दाखवत, त्याच चाकोरीत चाक ठेव, डावीकडं घे, आणखी घे, असं ओरडत, दुखऱ्या पायानं उलटा चालत, चुलतभावाच्या रानातनं सडकेपर्यंत गेलो.